कपाट खोलीतच तयार व्हायचं, त्या घरातून आलेले आम्ही

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे. डिसेंबर 2024 ते नोव्हेंबर 2025 या काळात आम्ही आमच्या पहिल्या घरासाठी जे सामान घेतलं, जे परत केलं आणि जे विकलं, त्याचा हा हिशेब. ओळखीतली तीन मराठी कुटुंबं सध्या इथे, नेदरलँड्समध्ये, घर घेण्याच्या खटपटीत आहेत. तिघांनीही मला एकच प्रश्न विचारला, "सोफा कुठून घेतलात?" मला सांगायचंय ते दुकानाबद्दल नाहीच. म्हणून आकड्यांसकट सगळं लिहून काढते आहे.

घर आणि हातातले पैसे

आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला 2017 पासून आहोत. सात वर्षं भाड्याच्या घरात काढली. इथे भाड्याच्या घरांचे तीन प्रकार असतात. 'काल' म्हणजे अगदी उघडंबोडकं, कधीकधी जमिनीवर फ्लोअरिंगसुद्धा नाही. 'खेस्टोफेर्ट' म्हणजे फ्लोअरिंग आणि पडदे आहेत. 'खेम्यूबिलेर्ट' म्हणजे फर्निचरसकट. आमचं तिसऱ्या प्रकारचं होतं. त्यामुळे सात वर्षांत आमच्या मालकीचं काय होतं, तर दोन कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, पुस्तकं आणि लेकीचा पाळणा. खुर्ची एकही नाही. एखादी खुर्ची निवडावी लागते, तिची उंची बघावी लागते, हा अनुभवच आमच्या गाठी नव्हता. माझं लग्न झालं तेव्हा सांगलीचं घर सामानासकट तयार होतं आणि इथे आलो तेव्हा घरमालकाचं.

घर मिळालं ते वून्सल भागात, 1972 साली बांधलेल्या ओळीतल्या घरांपैकी मधलं. किंमत 4 लाख 40 हजार युरो, मूल्यांकन 4 लाख 30 हजार. बँक साधारणपणे मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, त्यामुळे वरचे 10 हजार खिशातून गेले. घर-हस्तांतरणाचा 2 टक्के कर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला माफ असतो, पण वय 35 च्या आत हवं आणि घराची किंमत ठरावीक मर्यादेत हवी. 2024 साली ती मर्यादा 5 लाख 10 हजार होती. ही माफी माणशी मोजतात. माझं वय बसलं, नवऱ्याचं एका वर्षाने हुकलं, म्हणून त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर 4,400 युरो भरले. नोटरी, मूल्यांकन, कर्जाचा सल्लागार आणि दलाल मिळून आणखी साडेआठ हजार. सगळं होऊन हातात 14 हजार उरले. रंगरंगोटी, दिवे, पडदे आणि फर्निचर, सगळं त्यातच.

इथे एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली, ती सांगून टाकते. सल्लागाराने आधीच बजावलं होतं की नोटरीकडे सही होईपर्यंत हप्त्यावर काहीही घ्यायचं नाही. 250 युरोंपेक्षा मोठं हप्त्याचं कर्ज इथल्या बीकेआर या पतनोंदणी संस्थेकडे नोंदलं जातं, आणि त्या नोंदीमुळे मिळू शकणारं गृहकर्ज कमी होतं. फर्निचरच्या दुकानांत बिनव्याजी हप्त्यांच्या पाट्या मोठ्या अक्षरांत लावलेल्या असतात. घर पक्कं झाल्याच्या आनंदात तिकडे पाय वळतातच. आमचे वळले नाहीत ते त्या सल्लागारामुळे.

तिसरा रकाना

घर विकणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर त्या जिने नसलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. करारासोबत 'लाइस्ट फान झाकन' आली. घरातल्या एकूण एक वस्तूची ती यादी असते आणि प्रत्येक वस्तूपुढे खूण करायचे रकाने असतात: मागे राहणार, सोबत नेणार, हवी असल्यास विकत घेता येईल. पडद्याचे रूळ, दिवे, स्वयंपाकघरातली शेगडी, बागेतली खोपटी, अगदी दाराची घंटासुद्धा त्यात असते. इथे दिवे 'सोबत नेणार' असतील, तर छतातून नुसत्या वायरी लोंबत राहतात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात खोकी उघडावी लागतात. आमच्यावर ती वेळ आली.

आजींनी तिसऱ्या रकान्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या: वरच्या झोपायच्या खोलीतलं भिंतभर कपाट, जेवणाचं ओक लाकडाचं टेबल सहा खुर्च्यांसकट, आणि पुढच्या-मागच्या खिडक्यांचे पडद्याचे रूळ. सगळ्याचे मिळून 600 युरो.

आम्ही नाही म्हटलं.

आमचा विचार असा होता की पहिलं घर आहे, वास्तुशांत करायची आहे, नव्या वास्तूत दुसऱ्याचं वापरलेलं सामान कशाला? सासूबाईंनी फोनवर तेच म्हटलं, "अगं, आयुष्यात एकदाच घर होतं. नवं घ्या सगळं." मलाही ते मनापासून पटलं होतं. घरमालकाच्या पलंगावर सात वर्षं झोपलेल्या माणसाला नव्या पलंगाची ओढ असते आणि त्या ओढीला मी आजही चूक म्हणणार नाही. पण आम्ही त्या वस्तू नीट बघितल्याच नाहीत. घर बघायला गेलो तेव्हा दलालाने दिलेल्या वीस मिनिटांत आम्ही छत, बॉयलर आणि भिंतीची ओल बघत होतो. कपाटाचं दार उघडून बघितलं असतं, तर ते खोलीतच बांधलेलं आहे हे कळलं असतं. फळ्या थेट भिंतीला टेकवून स्क्रूने आवळलेल्या होत्या. आजींच्या नवऱ्याने ते स्वतः केलं होतं, हे शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं.

2 डिसेंबरला किल्ल्या मिळाल्या. कपाट सुटं करून क्रिंगलोपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानाला, देऊन टाकलेलं होतं. वरच्या खोलीत भिंतीवर स्क्रूची भोकं ओळीने दिसत होती. खाली ओकचं पार्केट, म्हणजे लाकडी फ्लोअरिंग होतं, ते यादीप्रमाणे मागे राहिलं होतं. रिकाम्या खोलीत त्या पार्केटवर वेगवेगळ्या छटांचे चौकोन उमटलेले दिसले. वर्षानुवर्षं जिथे वस्तू होत्या तिथे लाकडाचा रंग निराळा राहिला होता. बागेकडच्या खिडकीपाशी एक मोठा आयत, मधल्या भिंतीला एक अरुंद पट्टा, पुढच्या खिडकीपाशी काहीच नाही. लेक त्या आयताच्या कडेकडेने चालत बसली. मी तेव्हा विचार करत होते तो एवढाच, की हे डाग पॉलिश केल्यावर जातील का.

दुकानात

भाड्याचं घर 31 डिसेंबरला सोडायचं होतं. सासू-सासरे 15 मार्चला येणार होते, 90 दिवसांच्या शेंगेन व्हिसावर. या दोन तारखांनी आमच्याकडून घाई करवून घेतली.

आइंडहोवनच्या उत्तरेला सोन एन ब्रेखल गावाच्या हद्दीत एकर्सरैट नावाचा भाग आहे. तिथे आयकियाही आहे आणि फर्निचरच्या दुकानांची अख्खी वसाहत आहे. अशा वसाहतीला इथे 'वोनबुलेव्हार' म्हणतात. डिसेंबरातल्या दोन शनिवारांत आम्ही तिथे सोफा, कपाट, पलंग आणि टेबल ठरवून टाकलं. सोफा एल आकाराचा, 2 मीटर 80 बाय 2 मीटर 10, किंमत 3,200 युरो. कपाट गडद शिसवी रंगाचं, दोन भागांत येणारं. प्रत्येक भाग 2 मीटर 18 उंच, 62 सेंटिमीटर खोल. किंमत 1,450.

सोफा तयार मिळत नाही. कापड आणि रंग निवडल्यावर कारखान्यात बनतो. दुकानदार 8 ते 12 आठवडे सांगतो. पूर्ण पैसे आज भरले तर सूट देतो म्हणाला. आम्ही निम्मेच भरले. डच कायद्याप्रमाणे ग्राहकाला निम्म्याहून जास्त आगाऊ रक्कम भरायची सक्ती करता येत नाही. कारखान्यात तीन महिने अडकलेल्या वस्तूसाठी पूर्ण पैसे देऊन बसू नये, मग सूट पाच टक्के असो वा दहा. आणि दुसरी बाब, जी मला तेव्हा नीट माहीत नव्हती: 14 दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क ऑनलाइन खरेदीला असतो. दुकानात जाऊन, हात लावून, सही करून घेतलेल्या वस्तूला तो नसतो. हात लावून बघितलं म्हणजे आपण जास्त सुरक्षित आहोत, असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या बाजूने ते उलट आहे.

सहीच्या कागदावर एक प्रश्न होता. घरात नेण्याची वाट मोकळी आणि पुरेशी आहे का? आम्ही 'हो'वर खूण केली. खोलीचं माप आमच्या वहीत होतं, भिंत न भिंत मोजलेली. दार, बोळ आणि जिना मोजला नव्हता.

18 फेब्रुवारी

कपाट घेऊन दोघं आले. धडधाकट, सवयीचे. इथल्या जुन्या ओळीतल्या घरांत पुढचं दार उघडलं की अरुंद बोळ लागतो. एका बाजूला विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं कपाट, ते अडवून चालत नाही. दुसऱ्या बाजूला संडास. समोर जिना. जिन्याची रुंदी 76 सेंटिमीटर, खाली एक वळण, वर एक वळण, आणि पायऱ्या इतक्या उभ्या की सासूबाई पुढे तीन महिने उतरताना पाठमोऱ्या उतरल्या. 62 सेंटिमीटर खोल कपाट 76 च्या जिन्यात जातं. वळणावर वळत नाही. त्या दोघांनी आडवं, उभं, तिरकं, सगळं करून बघितलं. चाळीस मिनिटं. भिंतीचा गिलावा दोन ठिकाणी खरवडला गेला. मग एक जण पायरीवर बसला आणि मला शांतपणे म्हणाला, "मेव्ह्राउ (बाई), हे जाणार नाही."

दुसरा उपाय खिडकीचा. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची जुनी घरं ज्यांनी बघितली असतील त्यांना माथ्याशी बाहेर आलेली तुळई आणि आकडा आठवेल. जिने अरुंद, म्हणून सामान दोराने वर खेचून खिडकीतून आत घ्यायचं, ही इथली शेकडो वर्षांची रीत. आज त्याऐवजी शिडीसारखी वर जाणारी लिफ्ट भाड्याने मिळते, 'फेरहाउस्लिफ्ट'. आम्ही ती मागवायला तयार होतो. पण आमच्या वरच्या खिडकीचा उघडणारा भाग 58 सेंटिमीटरचा, बाकीची काच कायमची बसवलेली. चार सेंटिमीटरने तो मार्गही बंद झाला.

कपाट परत गेलं. करारातल्या अटीप्रमाणे 30 टक्के, म्हणजे 435 युरो गेले. दुकानाची चूक काही नव्हती. त्यांनी विचारलं होतं आणि आम्ही 'हो' म्हटलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळं. मी शिकलेली बाई, नवरा इंजिनिअर. त्याच्या कामात मायक्रॉन मोजतात. जिना मोजायचं आम्हा दोघांच्याही मनात कसं आलं नाही?

सवय कुठून आली

उत्तर सासऱ्यांनी दिलं, तेही नकळत. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "पण कपाट जिन्यातून न्यायचं कशाला? सुताराला बोलवा, खोलीतच करेल की."

सांगलीच्या घरातलं एकही कपाट दारातून आत आलेलं नाही. सुतार घरी आला होता. आठ बाय चार फुटांचे प्लायवूडचे ताव गच्चीवर रचले होते, खोलीत करवतीचा भुसा, फेविकॉलचा वास, सनमायकाचे नमुने हातात घेऊन सासूबाई उजेडात उभ्या. तीन आठवडे सुताराचा चहा घरचाच. कपाट खोलीच्या मापाने खोलीतच तयार झालं आणि आजही तिथेच आहे. माझ्या माहेरी इचलकरंजीलाही तेच. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात मोठं लाकडी सामान बहुधा असंच होतं. त्यामुळे आपण मोजतो ती खोली. खोलीकडे येणारी वाट मोजायची पाळीच येत नाही, कारण त्या वाटेने येतो तो सुताराची पिशवी आणि प्लायवूडचा ताव.

आमच्या डोक्यात माप होतं ते सांगलीच्या घराचं. आइंडहोवनच्या खोलीत आम्ही टेप लावला, पण मोजण्याची रीत सांगलीची होती. आणि खेदाची गोष्ट अशी की ज्या घरात आम्ही ती रीत घेऊन आलो, तिथल्या आजोबांनीही कपाट खोलीतच बांधलं होतं. ते तयार होतं. आम्ही ते जुनं म्हणून नाकारलं.

इथे सुतार बोलवायचा विचार केला. दोघांकडून अंदाज घेतले. भिंतभर कपाटाचे स्वस्तातला 4,200 युरो म्हणाला. सासरे म्हणाले, "आपल्या सुताराकडून सागवानी करून घेतो, जहाजाने पाठवतो." त्यांचा जीव त्यात होता, म्हणून मी नीट चौकशी केली. युरोपीय संघाबाहेरून राहायला येणाऱ्या माणसाला घरचं सामान करमुक्त आणता येतं, पण ते आधीच किमान सहा महिने वापरातलं हवं आणि इथे आल्यापासून 12 महिन्यांत यायला हवं. आम्ही सात वर्षांपूर्वी आलो होतो आणि सागवानी कपाट नवंकोरं असणार होतं. दोन्ही अटींत बसत नव्हतं. शिवाय इथल्या हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली हवा कोरडी पडते आणि सांगलीच्या हवेत मुरलेलं भरीव लाकूड इथे तडकू शकतं. नाही म्हणताना त्यांचा आवाज उतरला, ते मला अजून आठवतं.

शेवटी आयकियाचं पाक्स, म्हणजे सुट्या भागांत येणारं, घरी जोडायचं कपाट घेतलं. पण या वेळी आधी गणित केलं. पाक्सची चौकट दोन उंचींत मिळते, 201 आणि 236 सेंटिमीटर. आम्हाला उंच हवी होती. वरच्या मजल्याचं छत 240 सेंटिमीटरवर, म्हणजे 236 बसते असं वाटतं. पण चौकट जमिनीवर आडवी जोडून मग उभी करायची असेल, तर उभी होताना तिचा कर्ण छताखालून जायला हवा. 236 उंची आणि 58 खोली, कर्ण 243. तीन सेंटिमीटरने अडकली असती. 201 चा कर्ण 209, आरामात. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय मी आयुष्यात पहिल्यांदा घरासाठी वापरलं. तीन चौकटी, 780 युरो, दोन रविवार. जिन्यातून सपाट खोकी गेली आणि कपाट खोलीतच उभं राहिलं. ते भिंतीला आवळून टाकलं, कारण लेक खणांना शिडी समजते.

सोफा

सोफ्याचं प्रकरण निराळं. तो आत आला, आणि नको तिथे बसला.

आत यायलाही तो पुढच्या दाराने आला नाही. त्याच्या सुट्या भागांपैकी लांब भाग 2 मीटर 10, दाराची उंची 2 मीटर 1 सेंटिमीटर. उभा करून वळवता येईना. मग घरांच्या मागच्या गल्लीतून, बागेतून, मागचं दार बिजागरीतून काढून आत घेतला. सोफ्याचे पाय सुटे करता आले म्हणून निभावलं.

या घरांना 'दोरझोनवोनिंग' म्हणतात. दोर म्हणजे आरपार, झोन म्हणजे सूर्य. बैठकीची खोली रस्त्याकडून बागेपर्यंत सलग, दोन्ही टोकांना मोठ्या खिडक्या, म्हणजे ऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. ज्या देशात हिवाळ्यात ऊन मोजून मिळतं, तिथे हा आराखडा करणाऱ्याने लोकांवर उपकारच केले आहेत. आम्ही त्या खोलीत काय केलं, तर एल आकाराचा सोफा आडवा घालून खोलीचे दोन तुकडे केले. लांब बाजू पुढच्या खिडकीखाली, तिथे रेडिएटर. त्याची ऊब सोफ्याच्या पाठीत जिरायची आणि खोली गार. मार्चमध्ये थर्मोस्टॅट 21 वर ठेवूनही मागच्या भागात शाल लागायची.

तो सोफा आम्ही कुणासाठी घेतला होता? हे मी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. आम्ही दोघंही टीव्ही फारसा बघत नाही. लेक जमिनीवर खेळते. तो सोफा येणाऱ्यांसाठी होता, व्हिडिओ कॉलवर दिसण्यासाठी होता, सात वर्षांनी आमचंही काही झालं हे दाखवण्यासाठी होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. परक्या देशात घर घेणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती आई-वडिलांना दिसावी असं वाटणारच. पण त्यासाठी 14 हजारांतले 3,200 घालताना निदान तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं.

30 मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, वास्तुशांत केली. बावीस माणसं आली. सोफ्यावर पाच बसले, बाकीचे उभे. शेजारच्या काकूंनी बागेच्या खोपटीतून आठ घडीच्या खुर्च्या आणून दिल्या. डच लोक वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडून बसतात, त्यामुळे बऱ्याच घरांत अशा खुर्च्यांचा साठा असतो. त्या काकूंनी त्या दिवशी जे केलं ते मी विसरणार नाही. पुरणपोळी मात्र त्यांनी काट्या-चमच्याने खाल्ली.

बाबांची खुर्ची

सासऱ्यांचे गुडघे दुखतात. नव्या सोफ्याची बैठक खोल आणि जमिनीपासून 42 सेंटिमीटर. एकदा बसले की उठताना कुणीतरी हात द्यावा लागे. त्यांना ते आवडत नसे, म्हणून ते बसायचेच नाहीत. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर ताठ बसून पेपर वाचायचे.

21 एप्रिलला ईस्टरचा सोमवार होता. त्या दिवशी अख्खा देश फर्निचर बघायला निघतो, ही इथली जुनी रीत. आम्हीही एकर्सरैटला गेलो. गाड्यांची रांग महामार्गापर्यंत. बाबा प्रत्येक दुकानात प्रत्येक खुर्चीवर बसले. हात टेकून उठता येतं का बघायचे, किंमत बघायचे आणि पुढे जायचे. उठायला मदत करणारी विजेची खुर्ची हजाराच्या वर. म्हणाले, "मी तीन महिन्यांचा पाहुणा, माझ्यासाठी एवढं नको."

पुढच्या शनिवारी, 26 तारखेला, राजाचा दिवस होता. एरवी तो 27 ला असतो, पण 27 ला रविवार आला की आदल्या दिवशी साजरा करतात. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर चादर पसरून घरचं जुनं सामान विकू शकतं. मुलं खेळणी विकतात, म्हातारी माणसं कपबश्या. तिथून चार घडीच्या खुर्च्या 10 युरोंना घेतल्या. मग पुढच्या आठवड्यात क्रिंगलोपला गेलो आणि बाबांना त्यांची खुर्ची मिळाली: लाकडी हातांची, ताठ पाठीची, उंच बैठकीची, हिरव्या कापडाची. 35 युरो. घरी आणून मी कापड धुतलं, नवऱ्याने हात पॉलिश केले. बाबा त्यात बसले, उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "कुणीतरी नीट वापरलीय ही."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खुर्चीखाली तिच्या मापाचं जाजम घातलं. मला तेवढं पुरलं. ज्या शहरात आम्ही राहतो तिथल्या डिझाइन ॲकॅडमीतून 1990 साली 'पिट हाइन एक' नावाच्या तरुणाने टाकाऊ लाकडाचं कपाट पदवीसाठी सादर केलं होतं आणि तेच पुढे त्याची ओळख झालं. ही गोष्ट मी बाबांना सांगितली. त्यांना त्या कपाटापेक्षा ते सांधलं कसं असेल यात जास्त रस होता.

आकडे

वर्षभराचा खर्च असा. सोफा 3,200. परत गेलेल्या कपाटात बुडालेले 435, पाक्स 780. पलंग आणि गादी 1,350. टेबल खुर्च्यांसकट 640. पडदे रुळांसकट 1,100, आणि हा आकडा आम्हाला सर्वांत अनपेक्षित होता, कारण खिडक्या मोठ्या, मापाने शिवून घ्यावे लागले. दिवे 260. बाबांची खुर्ची आणि घडीच्या खुर्च्या 45. एकूण 7,810. आजींच्या 600 युरोंच्या देकारात कपाट, टेबल आणि रूळ होते. फक्त कपाट आणि टेबल धरलं तरी त्या जागी आमचे 1,855 गेले.

पुढच्या कुटुंबांना मी आता हे सांगते. त्या यादीतला तिसरा रकाना हातात टेप घेऊन वाचा. ती वस्तू त्या घरात बसते हे सिद्ध झालेलं आहे, दुकानातल्या कुठल्याही वस्तूबद्दल असं म्हणता येत नाही. झोपायची गादी, एक टेबल, दिवे आणि रस्त्याकडचा पडदा, एवढ्यावर दोन महिने राहून बघा. आणि वस्तू मोठी असेल तर तिच्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका चिकटवून रस्त्यावरून खोलीपर्यंत चालवून न्या. एका संध्याकाळचं काम आहे.

टेबलाची जागा

जूनमध्ये आई-बाबा परत गेले. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. त्या तीन महिन्यांत सासूबाई दिवसभर कुठे बसत होत्या हे मी आठवून बघितलं. मेथी निवडायला, लेकीची वेणी घालायला, फोनवर बोलायला त्या खुर्ची ओढून बागेकडच्या खिडकीशी जायच्या. ऊन तिथेच असायचं. पार्केटवरचा तो मोठा आयतही तिथेच होता. आजींचं टेबल तिथे होतं.

आम्ही टेबल उचलून त्या आयतावर ठेवलं. चार बोटं कमी पडलं, तेवढंच.

सोफा ऑक्टोबरात मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे जुन्या वस्तू विकायच्या इथल्या वेबसाइटवर टाकला, 1,200 युरोंना. नोव्हेंबरात एका तरुण जोडप्याचा फोन आला. नुकतंच घर घेतलेलं, त्यांचंही पहिलंच. मुलीने विचारलं, किंमत थोडी कमी होईल का. मी म्हटलं, किमतीचं बघू, आधी तुमच्या घराचं दार आणि बोळ किती रुंद आहे ते सांगा. ती म्हणाली, मोजलं नाही. मी त्यांना लांब भागाची तिन्ही मापं दिली आणि संध्याकाळी मोजून कळवा म्हटलं. साडेसातला तिने फोटो पाठवला, दाराच्या चौकटीला लावलेल्या टेपचा. 88 सेंटिमीटर, आणि बोळ सरळ, वळण नाही. 1,100 ला ठरलं. शनिवारी ते व्हॅन घेऊन आले आणि आम्ही चौघांनी तो मागच्या दाराने, बागेतून, गल्लीतून बाहेर नेला.